प्रश्न रोग्याचा, उत्तर यंत्राचे

दुखणे आले म्हणजे मनुष्य वैद्याकडे जाण्यापूर्वी कोणाला तरी काही तरी विचारतो, ही रीत फार जुनी आहे. घरातील वडीलधारी बाई, आळीतला निवृत्त कंपाउंडर, औषधांच्या दुकानातील ओळखीचा माणूस, वृत्तपत्रातील आरोग्यविषयक प्रश्नोत्तरांचे सदर आणि अलीकडच्या काळात इंटरनेटवरील शोध, अशी ही मसलतगारांची परंपरा बदलत बदलत चालत आली. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी ओपनएआय या अमेरिकन कंपनीने चॅटजीपीटी हा चॅटबॉट सर्वांना खुला केला, तेव्हापासून तिच्यात एका अगदी निराळ्या जातीच्या सल्लागाराची भर पडली आहे. हा सल्लागार रात्री दोन वाजता जागा असतो, तपासणीची फी मागत नाही, तोच प्रश्न दहादा विचारला तरी कंटाळत नाही, डॉक्टरांपुढे ज्यांचा उच्चार करण्यास संकोच वाटतो अशा गोष्टीही ऐकून घेतो, आणि विशेष म्हणजे सुबोध, सुसंगत व सहानुभूतीने ओथंबलेल्या वाक्यांत उत्तर देतो. यास्तव त्याच्या उत्तरावर कितपत विसंबावे हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांच्या चर्चेचा राहिलेला नसून, ज्या घरात एक मोबाइल आणि एक रोगी आहे अशा प्रत्येक घराचा तो झाला आहे.

या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर देणारे दोन पक्ष आहेत. यंत्राने वैद्यकाच्या परीक्षांत डॉक्टरांनाही मागे टाकले आहे, तेव्हा त्याच्यावर अविश्वास दाखविणे हा निव्वळ पुराणमतवाद होय, असे एक पक्ष म्हणतो. यंत्र बिनदिक्कत थापा मारते, तेव्हा त्याच्याकडे आरोग्याचा प्रश्न नेणे हा आत्मघात होय, असे दुसऱ्याचे म्हणणे आहे. दोघांपाशीही पुरावा आहे, आणि तो खोटा नाही. परंतु विश्वसनीयता हा सुट्या उत्तराचा गुण आहे असे दोघेही गृहीत धरून चालतात, आणि तेथेच दोघांचीही गफलत होते. वैद्यकीय सल्ला हा संवाद आहे. त्यात कोणी कोणाला काय विचारले यावर उत्तराचे मोल ठरते, आणि ज्या प्रश्नाचे योग्य रूपच अद्याप कोणाला गवसलेले नाही त्याचे कितीही विद्वत्तापूर्ण उत्तर रोग्याच्या कामी येत नाही, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

प्रथम हे यंत्र करते तरी काय, ते पाहू. वैद्यकाचे ग्रंथ त्याच्या पोटात जसेच्या तसे साठविलेले असून प्रश्न येताच ते योग्य पान उघडून वाचून दाखवते, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाही. २०१७ मध्ये गूगलच्या संशोधकांनी मांडलेल्या ‘ट्रान्सफॉर्मर’ नामक गणिती रचनेवर ही यंत्रे उभी आहेत. प्रचंड प्रमाणात लिखित मजकूर त्यांच्यापुढून नेला जातो, वाक्याचा पूर्वभाग पाहून पुढे कोणता शब्द येण्याचा संभव अधिक याचा अंदाज त्यांना पुनःपुन्हा बांधावा लागतो, अंदाज चुकला की आतील अब्जावधी आकडे किंचित हलविले जातात, आणि या एकाच कवायतीतून भाषेचे, व भाषेच्या द्वारे वस्तुस्थितीचेही, पुष्कळसे ज्ञान त्या आकड्यांत झिरपते. त्यानंतरच्या संस्कारात माणसे यंत्राची उत्तरे वाचून कोणते अधिक पसंत पडले ते नमूद करतात, आणि त्या पसंतीच्या अनुरोधाने यंत्राला वळण लावले जाते.

या जन्मकथेतूनच त्याचे गुण आणि दोष दोन्ही उत्पन्न होतात. मधुमेह, रक्तदाब, क्षय, गरोदरपणातील आहार अशा ज्या विषयांवर जगात विपुल आणि एकमताने लिहिले गेले आहे, त्यांवर यंत्राचे विवेचन सामान्यतः चांगले असते. जेथे मूळ लेखनच विरळ किंवा परस्परविरोधी आहे तेथे त्याच्या अंदाजाचा पाया ठिसूळ होतो. वाक्यांचा ओघ मात्र दोन्ही ठिकाणी सारखाच राहतो. माणूस अनभिज्ञ असला की अडखळतो, आवाज खाली आणतो, ‘बहुधा’ म्हणतो, आणि या खुणांवरून त्याच्या बोलण्यास किती किंमत द्यावी हे आपण ताडतो. यंत्राच्या भाषेत या खुणा आपोआप उमटत नाहीत, म्हणून खरे आणि रचलेले यांतील सीमारेषा वाचकाला दिसत नाही. खुद्द ओपनएआयच्या संशोधकांनी सप्टेंबर २०२५ मध्ये या दोषाची जी मीमांसा केली ती मार्मिक आहे: यंत्रांची गुणवत्ता ज्या चाचण्यांनी मोजली जाते त्यांतील बहुतेकांत चुकलेल्या उत्तराला आणि ‘मला ठाऊक नाही’ या उत्तराला सारखेच शून्य गुण मिळत असल्यामुळे, ठोकून देणाराच पुढे जातो आणि प्रांजळपणाने कबुली देणारा मागे पडतो. हल्लीचे काही चॅटबॉट उत्तर देण्यापूर्वी इंटरनेटवर शोध घेतात व त्याचे दाखले देतात, त्यामुळे ही जोखीम कमी होते. परंतु दाखला खरोखर उत्तराला आधार देतो की नाही हे पडताळण्याचे काम शेवटी वाचकाकडेच राहते.

संगणकाकडून वैद्यकीय मसलत घेण्याची कल्पना मात्र चॅटजीपीटीबरोबर जन्मलेली नाही. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ मध्ये ‘एलायझा’ नावाची एक संगणकीय आज्ञावली प्रसिद्ध केली; तिच्या सर्वपरिचित रूपात ती मानसोपचारतज्ज्ञाची भूमिका घेई, आणि समोरच्या माणसाचेच वाक्य थोडे फिरवून त्याला प्रश्न म्हणून परत करी. या युक्तीत ज्ञानाचा अंशही नव्हता. तरीही ती कशी चालते हे ठाऊक असलेल्या खुद्द वायझेनबाउम यांच्या चिटणीस बाईंनी, एलायझाशी बोलताना, त्यांना खोलीबाहेर जाण्याची विनंती केली. ही हकीकत त्यांनीच पुढे आपल्या ग्रंथात सांगितली आहे. गोड बोलणाऱ्या यंत्रापुढे मनुष्य आपले अंतःकरण उघडे करतो, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

याच्या उलट टोकाला स्टॅनफर्ड विद्यापीठात १९७० नंतरच्या दशकात एडवर्ड शॉर्टलिफ यांनी रचलेली ‘मायसिन’ ही आज्ञावली होती. रक्तातील व मेंदूच्या आवरणांतील जंतुसंसर्गावर कोणते प्रतिजैविक द्यावे, एवढ्या मर्यादित विषयासाठी तज्ज्ञांकडून काढून घेतलेले काही शे नियम तिच्यात होते. ती डॉक्टरांना एकामागून एक प्रश्न विचारी, आणि हा प्रश्न का, असे उलट विचारले असता कोणत्या नियमासाठी ती माहिती हवी आहे ते सांगे. १९७९ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या परीक्षणात आठ तज्ज्ञ परीक्षकांनी मायसिनच्या उपचारांना शेकडा ६५ वेळा ग्राह्य ठरविले, तर त्याच विद्यापीठातील अध्यापकांच्या उपचारांना ४२.५ ते ६२.५ वेळा. असे असूनही मायसिन प्रत्यक्ष रुग्णसेवेत कधी रुजू झाली नाही. कागदावरची सरशी आणि खाटेजवळचा उपयोग यांत अंतर असते, हे त्या वेळीच दिसून आले होते.

नव्या यंत्रांचे परीक्षांतील यश खरोखर स्तिमित करणारे आहे. २०२३ च्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अमेरिकेत डॉक्टरकीचा परवाना मिळण्यासाठी जी परीक्षा द्यावी लागते तिच्या उत्तीर्णतेच्या सुमारे शेकडा ६० या मर्यादेच्या आसपास चॅटजीपीटी पोहोचल्याचे दिसले. त्याच धर्तीच्या एका प्रश्नसंचावर गूगलच्या ‘मेड-पाम’ या यंत्राने ६७.६ आणि त्याच्या पुढील आवृत्तीने ८६.५ टक्के गुण मिळविले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आणखी एका अभ्यासाचा बराच गाजावाजा झाला. लोकांनी इंटरनेटवर जाहीरपणे विचारलेले १९५ आरोग्यविषयक प्रश्न, त्यांना डॉक्टरांनी दिलेली उत्तरे आणि चॅटजीपीटीची उत्तरे, कोणाचे कोणते ते न सांगता, वैद्यक व्यावसायिकांपुढे ठेवली असता त्यांनी शेकडा ७८.६ वेळा यंत्राच्या उत्तराला पसंती दिली, आणि सहानुभूतीच्या बाबतीतही यंत्रच सरस ठरले. मात्र डॉक्टरांची उत्तरे सरासरी ५२ शब्दांची तर यंत्राची २११ शब्दांची होती, पसंती देणारे स्वतः रोगी नव्हते, आणि त्या सल्ल्याप्रमाणे वागून कोणाला गुण आला की नाही हे या अभ्यासात पाहिलेलेच नव्हते. ‘उत्तर आवडले’ आणि ‘उत्तराने बरे झाले’ या दोन विधानांची गल्लत करणे धोक्याचे आहे.

ही गल्लत दूर करणारा प्रयोग ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी केला आणि २०२५ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रथम जाहीर झाले. डॉक्टरांनी तयार केलेली दहा आजारांची कल्पित कथानके ब्रिटनमधील १,२९८ सामान्य नागरिकांना वाटून देण्यात आली. आपल्याला कोणता आजार असावा, आणि घरी थांबावे, डॉक्टरांकडे जावे की रुग्णवाहिका बोलवावी, हे दोन निर्णय प्रत्येकाने घ्यावयाचे होते. काहींना त्यासाठी तीन नामांकित यंत्रांपैकी एक दिले गेले, आणि उरलेल्यांना घरी जे साधन वापरतात तेच वापरण्याची मुभा ठेवली. तीच कथानके मनुष्याला मध्ये न घेता थेट यंत्रांना दिली, तेव्हा शेकडा ९४.९ प्रसंगी त्यांनी लागू पडणारा एखादा तरी आजार ओळखला. पण त्याच यंत्रांशी सामान्य माणसे बोलली तेव्हा त्यांना लागू पडणारा आजार शेकडा ३४.५ हून कमी प्रसंगी सांगता आला, आणि पुढे काय करावे हा निर्णय तर ४४.२ हून कमी प्रसंगी बरोबर निघाला. ज्यांना यंत्र दिलेच नव्हते त्यांच्यापेक्षा हे लोक कोणत्याही बाबतीत सरस ठरले नाहीत.

हे ज्ञान वाटेत गळाले कोठे? संवाद वाचून पाहता संशोधकांना असे आढळले की लोकांनी महत्त्वाची लक्षणे सांगितलीच नाहीत, यंत्राने खरे-खोटे अनेक पर्याय एकाच सुरात पुढे ठेवले, आणि त्यांतून योग्य तो निवडण्याचे सामर्थ्य विचारणाऱ्याजवळ नव्हते. मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव झाल्याच्या एकाच कथानकाविषयी दोघांनी जवळजवळ सारख्याच शब्दांत विचारणा केली असता, एकाला अंधाऱ्या खोलीत पडून राहण्याचा आणि दुसऱ्याला तातडीने इस्पितळ गाठण्याचा सल्ला मिळाला. पहिला सल्ला खऱ्या रोग्याने पाळला असता तर त्याचा परिणाम काय झाला असता, हे सांगावयास नको.

या निष्कर्षाचे मर्म समजून घ्यावयाचे तर आपल्या जुन्या वैद्यकाकडे वळणे उपयोगी पडेल. वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’त रोगिपरीक्षेची दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न अशी तीन अंगे सांगितली आहेत. आधुनिक डॉक्टरही, उपकरणे बदलली तरी, हेच तिन्ही मार्ग चोखाळतो: चेहरा फिका आहे की पिवळा हे पाहतो, पोट दाबून कोठे दुखते ते पाहतो, आणि मग विचारतो. चॅटबॉटजवळ पहिली दोन अंगे नाहीत, हे कोणाच्याही ध्यानात येते. एखादे छायाचित्र पाठविले तरी खोलीत पाऊल टाकताना रोग्याला लागलेली धाप त्यात येत नाही. परंतु तिसरे अंग तरी त्याच्यापाशी आहे काय? वाग्भटाला अभिप्रेत असलेला प्रश्न वैद्याने रोग्याला विचारावयाचा असतो. येथे रोगी विचारतो आणि यंत्र उत्तर देते. म्हणजे ज्याला काय महत्त्वाचे हे ठाऊक नाही त्याच्याकडे प्रश्नाचा अखत्यार गेला, आणि ज्याच्या संग्रही हजारो रोगांची लक्षणे आहेत ते, विचारले गेले तेवढ्यालाच उत्तर देऊन मोकळे झाले. डॉक्टरी शिक्षणातील कित्येक वर्षे केसपेपरवर रोग्याची हकीकत कशी घ्यावी हे शिकण्यात जातात, ती काही उगाच नव्हेत.

आपल्याकडील एक नित्याचा प्रसंग घ्या. साठी उलटलेला, मधुमेह असलेला गृहस्थ जेवणानंतर छातीत जळजळ व अस्वस्थता जाणवू लागली की ‘पित्त झाले’ किंवा ‘गॅस धरला’ असे म्हणतो, आणि मोबाइल हाती घेऊन पित्तावर काय घ्यावे असे विचारतो. या प्रश्नात निदान आधीच करून टाकलेले आहे. वय, मधुमेह, घाम सुटला की नाही, कळ जबड्याकडे किंवा डाव्या हाताकडे जाते की नाही, जिना चढताना त्रास वाढतो की काय, यांपैकी कशाचाही त्यात उल्लेख नाही. मधुमेही माणसाला हृदयविकाराचा झटका फारशा वेदनेवाचून, नुसत्या अस्वस्थतेच्या रूपानेही येऊ शकतो, हे कोणताही अनुभवी डॉक्टर जाणतो आणि म्हणूनच ‘पित्त’ हा शब्द ऐकूनही तो प्रथम ईसीजी काढावयास सांगतो. यंत्राने मात्र तिखट टाळा, थोडे थोडे खा, जेवून लगेच आडवे होऊ नका असा उपदेश केला तर त्यातील एकही वाक्य असत्य नसते. तरीही तो सल्ला प्राणघातक ठरू शकतो. फिर्यादी सांगेल ते लिहून घेणारा कारकून आणि गुन्ह्याच्या जागी जाऊन तपास करणारा अंमलदार यांच्या कामांत जो भेद आहे, तोच या दोन सल्ल्यांत आहे.

प्रश्नाच्या अपुरेपणाचे सर्वांत विलक्षण उदाहरण अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकाने ऑगस्ट २०२५ मध्ये नोंदविले. साठ वर्षांचे एक गृहस्थ, शेजारी आपल्यावर विषप्रयोग करीत आहे अशा संशयाने ग्रासलेले, इस्पितळात दाखल झाले. पुढे त्यांना भासही होऊ लागले. मिठाचे दुष्परिणाम वाचून त्यांनी आहारातून क्लोराइड वर्ज्य करण्याचे ठरविले होते, आणि चॅटजीपीटीची मसलत घेतल्यानंतर तीन महिने ते मिठाऐवजी सोडियम ब्रोमाइड खात होते. ब्रोमाइड एके काळी झोपेचे व शामक औषध म्हणून सर्रास दिले जाई, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याच्या विषबाधेने मनोभ्रम झालेले रोगी मनोरुग्णालयांत पुष्कळ आढळत. औषधांतून ते हद्दपार झाल्यानंतर हा विकार जवळजवळ विस्मृतीत गेला होता. त्या गृहस्थांचे मूळ संभाषण डॉक्टरांना मिळाले नाही. परंतु क्लोराइडच्या जागी काय वापरता येईल असे त्यांनी स्वतः विचारून पाहिले, तेव्हा यंत्राच्या उत्तरात ब्रोमाइड होते, संदर्भावर अवलंबून आहे असे मोघम विधानही होते, पण आरोग्याच्या धोक्याचा स्पष्ट इशारा नव्हता, आणि ‘हे आपण कशासाठी विचारता?’ हा प्रश्नही नव्हता. क्लोराइडच्या जागी ब्रोमाइड हे साफसफाईच्या रसायनांच्या संदर्भात रास्त उत्तर आहे. कोणत्याही डॉक्टरने आधी कारण विचारले असते, आणि कारण ऐकताच संभाषण तेथेच थांबवले असते.

विचारणाऱ्याच्या चुकीला होकार भरण्याची प्रवृत्ती ही याच दोषाची दुसरी बाजू होय. माणसांच्या पसंतीवर वळण लागलेले यंत्र स्वभावतःच आर्जवी होते. न्यूयॉर्क येथील माउंट सायनाय संस्थेच्या संशोधकांनी डॉक्टरांकडून लिहून घेतलेल्या ३०० रुग्णकथांपैकी प्रत्येकीत अस्तित्वातच नसलेला एखादा रोग, लक्षण किंवा तपासणी घुसडून ती सहा यंत्रांना दिली, तेव्हा निरनिराळ्या यंत्रांनी शेकडा ५० ते ८२ वेळा तो बनावट तपशील खरा मानून त्यावर विवेचन केले. दिलेली माहिती चुकीची असू शकते, अशी एक सूचना आरंभी जोडल्यावर हे प्रमाण पुष्कळ खाली आले, पण शून्यावर आले नाही. एम.आय.टी.तील दुसऱ्या एका अभ्यासात रोग्याच्या मजकुरात टंकलेखनाच्या चुका, जादा मोकळ्या जागा किंवा बोलीतील भावनाभरले शब्द घातले, तर वैद्यकीय तथ्य तेच असूनही, घरीच काळजी घ्या असे सांगण्याकडे यंत्रांचा कल ७ ते ९ टक्क्यांनी वाढला. घाबरलेला माणूस शुद्ध लिहीत नाही. म्हणजे ज्याला मदतीची निकड अधिक त्यालाच ती नाकारली जाण्याचा संभव अधिक, असा हा विपर्यास आहे.

भाषेचा मुद्दा मराठी वाचकास विशेष जवळचा आहे. या यंत्रांचे पोषण प्रामुख्याने इंग्रजी मजकुरावर झाले आहे. अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेच्या संशोधकांनी २०२३ मध्ये इंग्रजी, स्पॅनिश, चिनी आणि हिंदी या चार भाषांत तेच आरोग्यविषयक प्रश्न विचारून पाहिले असता, इंग्रजीच्या मानाने इतर भाषांतील उत्तरांची अचूकता सरासरीने शेकडा १८ ने कमी भरली, आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला असता तेच उत्तर मिळण्याचे प्रमाण त्याहूनही घटले. यंत्रे त्यानंतर सुधारली आहेत. तथापि हिंदीची ही स्थिती असेल तर जिच्यातील लिखित मजकूर हिंदीहूनही कमी आहे त्या मराठीविषयी अधिक सावध राहणे प्राप्त आहे. शिवाय आपला रोगी ग्रंथिक मराठीत बोलत नाही. कणकण आणि कसकस, चमक आणि कळ, भोवळ आणि अंधारी, पोटात मुरडा येणे आणि पोट डब्ब होणे, यांतील भेद गावच्या डॉक्टरांना उपजत ठाऊक असतो. यंत्राला तो ठाऊक असेलच असे नाही, आणि हेच शब्द रोमन लिपीत घाईघाईने टंकलेले असले म्हणजे अडचण दुणावते.

एवढे सारे दोष सांगितल्यावर या साधनाचा त्याग करावा, असा निष्कर्ष कोणी काढील. तो मात्र योग्य होणार नाही. डॉक्टर आणि रोगी यांच्या भेटीच्या कालावधीविषयी २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीत असे आढळले की, जगाची जवळजवळ निम्मी लोकसंख्या असलेल्या १८ देशांत ही भेट सरासरी पाच मिनिटे किंवा त्याहून कमी वेळात आटोपते. भारतात तर ती दोन मिनिटांच्या आसपास भरते. दोन मिनिटांत निदान कदाचित होईल, समजूत होत नाही. रक्ततपासणीच्या अहवालातील आकड्यांचा अर्थ, डिस्चार्ज कार्डावरील संक्षिप्त नोंदींचा उलगडा, दिलेली गोळी कशावर आहे आणि ती रिकाम्या पोटी का घ्यावयाची, शस्त्रक्रियेपूर्वी काय तयारी करावी, पुढील भेटीत डॉक्टरांना कोणते प्रश्न विचारावेत, अशा कामांत चॅटबॉट फार उपयोगी पडू शकतो. कारण येथे डॉक्टरांनी आधीच तपास केलेला असतो, दस्तऐवज समोर असतो, आणि प्रश्न पूर्ण असतो. जेथे प्रश्न पूर्ण आहे तेथे उत्तरावर बऱ्याच अंशी भरवसा ठेवता येतो, आणि जेथे मूळ प्रश्नच अद्याप शोधावयाचा आहे तेथे ठेवता येत नाही. नुकत्याच सुरू झालेल्या वेदनेचे कारण, अंगावर उठलेल्या चट्ट्यांचे निदान, चालू औषध बंद करावे की नाही, मुलाला किती मात्रा द्यावी, ही दुसऱ्या वर्गातील उदाहरणे होत.

मात्रेविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण तेथे चूक महागात पडते. आपल्या बाजारात एकाच घटकाची औषधे असंख्य व्यापारी नावांनी मिळतात, आणि सर्दीतापावरील पुष्कळ मिश्रणांत पॅरासिटॅमॉल असतेच. तापाची वेगळी गोळी आणि सर्दीचे मिश्रण दोन्ही घेणाऱ्याच्या पोटात ते नकळत दुप्पट जाते व यकृताला अपाय पोहोचू शकतो. यंत्राला नुसते व्यापारी नाव सांगून उत्तर घेण्यापेक्षा वेष्टणावरील मूळ घटकाचे नाव व मिलिग्रॅमचा आकडा वाचून सांगावा, आणि मिळालेले उत्तर औषधविक्रेत्याकडून किंवा डॉक्टरांकडून तपासून घ्यावे, हेच श्रेयस्कर.

कायद्याच्या दृष्टीने पाहता आपल्या देशात स्थिती बरीच स्पष्ट आहे. केंद्र शासनाने २५ मार्च २०२० रोजी जारी केलेल्या दूरवैद्यकाच्या मार्गदर्शक तत्त्वांत असे नमूद आहे की, कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेल्या व्यासपीठांना रोग्याला समुपदेशन करण्याची किंवा औषध लिहून देण्याची मुभा नाही. नोंदणीकृत डॉक्टरांना साहाय्य करणे एवढेच त्यांचे कार्यक्षेत्र होय. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२३ मध्ये, आणि जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२४ मध्ये, आपापली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली असून दोहोंत उत्तरदायित्वाचा प्रश्न अग्रभागी आहे. परंतु सर्वसाधारण गप्पांसाठी निघालेल्या यंत्राशी घरबसल्या कोणी आपल्या दुखण्याविषयी बोलू लागला, तर त्या व्यवहारात नियमाचा हात पोहोचत नाही. डॉक्टरांच्या हातून हयगय झाली तर ग्राहक आयोगाकडे किंवा वैद्यक परिषदेकडे दाद मागता येते. यंत्राच्या उत्तराखाली मात्र कोणाची सही नसते. गोपनीयतेचेही तेच: डॉक्टरांवर रोग्याचे गुपित राखण्याचे व्यावसायिक बंधन आहे, यंत्रापुढे सांगितलेले कंपनीच्या दप्तरी जमा होते, आणि तिच्या शर्ती वाचणारे विरळा. यास्तव नाव, पत्ता, आधार क्रमांक असलेला अहवाल जसाच्या तसा पाठवू नये.

ज्याला हे साधन वापरावयाचे आहे त्याने काही पथ्ये पाळावीत. वय, जुने आजार, चालू असलेली सर्व औषधे, त्रास केव्हापासून आणि कशाने वाढतो, हे आपल्या तर्काची भर न घालता आरंभीच सांगावे. ‘उत्तर देण्यापूर्वी तुला आणखी काय विचारावयाचे आहे ते विचार’ अशी आज्ञा यंत्राला द्यावी. विचारण्याचे जे काम डॉक्टरांचे, ते निदान अंशतः तरी त्यामुळे त्याच्याकडून करवून घेता येते. आपल्याला जे ऐकावयाचे आहे त्याच्या विरुद्ध बाजूनेही एकदा विचारून पाहावे, आणि दोन्ही वेळा त्याने होकारच भरला तर त्या होकाराची किंमत ओळखावी. छातीत दाब, धाप, तोंड वाकडे होणे, हातपाय लुळे पडणे, शुद्ध हरपणे, सर्पदंश, न थांबणारा रक्तस्राव, यांपैकी काही असेल तर कोणत्याही यंत्राला काहीही विचारीत न बसता १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी. जीव नकोसा झाला असेल तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर माणसाशी बोलावे.

परंतु सारी जबाबदारी रोग्याच्या शहाणपणावर टाकून मोकळे होणे न्यायाचे नाही. नवे औषध प्रयोगशाळेतील काचपात्रात गुणकारी ठरले एवढ्यावरून ते बाजारात येऊ दिले जात नाही, ते खऱ्या रोग्यांवर पारखले जाते. मग रोग्यांशी बोलणाऱ्या यंत्राला परीक्षेतील गुणपत्रकावर मान्यता का मिळावी? ओपनएआयने मे २०२५ मध्ये ६० देशांतील २६२ डॉक्टरांच्या साहाय्याने पाच हजार संभाषणांची एक कसोटी तयार केली, हे पाऊल योग्य दिशेचे आहे. पण तेथेही संभाषणे बहुतांशी रचलेलीच आहेत, आणि रचलेला रोगी खऱ्या रोग्याइतका गोंधळलेला नसतो, हे ऑक्सफर्डच्या प्रयोगाने दाखवून दिले आहे. जी कंपनी आपल्या यंत्राला आरोग्याचा सल्लागार म्हणून पुढे करील तिने ते खऱ्या माणसांच्या हाती देऊन, त्यांच्या बोलीत, त्यांच्या अर्धवट प्रश्नांसह पारखून घ्यावे, निकाल जाहीर करावा, आणि आपल्याकडे हे यंत्र चालवावयाचे तर ती पारख मराठीसह येथील भाषांत झाली पाहिजे असा आग्रह शासनाने व वैद्यक परिषदांनी धरावा. या पारखीत यंत्र किती अचूक उत्तरे देते याबरोबर, उत्तर देण्यापूर्वी ते किती वेळा थांबून विचारते, याचीही नोंद व्हावी. ती नोंद हाती येईपर्यंत चॅटबॉटला समजूतदार दुभाषा म्हणून जवळ करावे, आणि निदानाचा व औषधाचा अधिकार ज्याच्या सहीला किंमत आहे त्याच्याकडेच ठेवावा.